इराकचं तिर्याक आणि जुन्नरची मण्यार

नववीच्या वर्गात उर्दू म्हणी शिकवताना एकदा मी एक फारसी म्हण फळ्यावर लिहिली. अर्थ असा की इराकातून तिर्याक येईपर्यंत साप चावलेला मरून गेलेला असतो. म्हणजे मदत फार लांबून आणि फार उशिरा येते. मुलांना अर्थ कळला, पण ‘तिर्याक’ शब्द अडला. मी सांगितलं, विषावरचा उतारा. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, पण इराकहून कशाला? नारायणगावला मिळतं की!”

वर्ग हसला, मीही हसलो. घरी येताना मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. विनोद म्हणून त्याने जे विचारलं, तो खरं तर इतिहासाचा प्रश्न आहे. इराकचं तिर्याक नारायणगावला पोचायला किती काळ लागला? कोणत्या वाटेने आलं? आणि ते येईपर्यंत जुन्नर-आंबेगावच्या शिवारात साप चावलेल्या माणसाचं काय होत होतं?

तिर्याक हा शब्द मुळात ग्रीक. रोमच्या नीरो बादशहाच्या वैद्याने, अँड्रोमॅकसने, पन्नास-साठ पदार्थ एकत्र करून एक औषध बांधलं. त्यात अफूही होती आणि मुख्य म्हणजे सापाचं मांस होतं. विष ज्याच्या अंगात आहे त्याच्याच अंगात उतारा असणार, हा त्यामागचा तर्क. जालिनूस, म्हणजे गेलन, याने त्याची कीर्ती वाढवली. अरबांनी त्याला ‘तिर्याक-ए-फारूक’ म्हटलं आणि बगदाद, काहिरा, पुढे व्हेनिस अशा शहरांत ते शतकानुशतकं बनत आणि विकलं जात राहिलं. इब्न सिनाने ‘अल-कानून’च्या चौथ्या भागात विष आणि दंश यांवर सविस्तर लिहिलं. आपल्याकडे हे ज्ञान फक्त ‘तिकडून’ आलं असा समज असतो, तो अर्धवट आहे. अब्बासी काळात बर्मकी वजीर याह्या बिन खालिदच्या आश्रयाला मन्कह नावाचा भारतीय वैद्य होता. सुश्रुताचा ग्रंथ आणि ‘शानाक’ (म्हणजे चाणक्य) याच्या नावावरचा विषांविषयीचा ग्रंथ अरब जगात पोचला, त्यात याच मन्कहचा हात असल्याचं जुने अरबी ग्रंथकार सांगतात. सुश्रुताच्या कल्पस्थानात दंशाच्या वर चार बोटं करकचून बांधायला सांगितलं आहे, कापून विष काढायला सांगितलं आहे. इब्न सिनाकडेही बांधणं आणि चोखणं आहे. विषाच्या बाबतीत हिंदू वैद्यक आणि युनानी हिकमत यांच्यात भांडण कमी आणि उसनवारी जास्त होती.

त्यांच्यातली एक चूकही सामाईक होती. आज डॉक्टर सांगतात की करकचून बांधू नका. बांधलेल्या अवयवाचा रक्तपुरवठा तुटतो, घोणस-फुरशाच्या दंशात मांस सडायची भीती वाढते आणि गाठ सोडल्यावर साठलेलं विष एकदम अंगात पसरू शकतं. दोन हजार वर्षांची ही सवय अजून गेलेली नाही. आमच्या भागात आजही साप चावला की पहिला हात जातो तो कमरेच्या करदोट्याकडे किंवा साडीच्या काठाकडे.

जुन्नर या साखळीतलं कोपऱ्यातलं गाव नव्हतं. मलिक अहमदने 1490 मध्ये बहामनींपासून वेगळं होत निजामशाहीचा पाया घातला तो जुन्नरलाच. अहमदनगर शहर त्यानंतर वसलं. पुढे मलिक अंबरनेही काही काळ राजधानी जुन्नरला आणली होती. कोकणातल्या बंदरांवरचा माल नाणेघाटाने वर चढून इथे येई. निजामशाही दरबारात बुऱ्हाण निजामशहावर उपचार करणारा एक पोर्तुगीज हकीम होता, गार्सिया दा ओर्ता. मूळचा ज्यू, गोव्यात स्थायिक झालेला. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात सापाच्या विषावरची मुळी आहे आणि बेझोअर दगडही आहे, म्हणजे आपण ज्याला फादजहर म्हणतो तो. (मेल्यानंतर इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली. विषापेक्षा श्रद्धेचं राजकारण जास्त जहरी असतं, पण तो वेगळा विषय.) ‘तारीख’ लिहिणारा फरिश्ता लहानपणी अहमदनगरला आला, नंतर विजापूरला गेला. त्याने भारतीय वैद्यकावर फारसीत ग्रंथ लिहिला, हे त्याची तवारीख वाचणाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं.

एवढी विद्या दरबारात होती. पण शिवारात काय होतं? माणसं तेव्हाही शेतातच मरत होती आणि तिर्याकची डबी हकिमाच्या कपाटात होती. शिवाय स्पष्ट बोलायचं तर त्या डबीतही काही नव्हतं. सापाचं मांस उकळून विषावर उतारा होत नाही. दगडाने विष शोषलं जात नाही. ज्याला तिर्याक मिळालं तो आणि ज्याला मिळालं नाही तो, दोघांचं नशीब सारखंच होतं.

म्हणून झाडफूक टिकली. तिच्या टिकण्याचं कारण लोकांचा अडाणीपणा आहे असं म्हणणं मला पटत नाही. भारतात सापांच्या तीनशेवर जाती आहेत आणि माणसाला मारणाऱ्या थोड्या. आपल्याकडे मुख्य चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. बाकी धामण, कवड्या, तस्कर, दिवड चावले तरी कोणी मरत नाही. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणजे मांत्रिकाकडे दहा जण आले तर त्यातले बरेचसे काहीही न करता बरेच होणार होते. ते उठून घरी जात, नारळ फोडत, नियाज करत, आणि मांत्रिकाची कीर्ती वाढत जाई. जे मेले ते ‘उशिरा आणले’ म्हणून मेले. कडुलिंबाचा पाला चावायला देऊन कडू लागतो का बघणं, जखमेला जिवंत कोंबड्या लावणं, भैरोबाच्या देवळात झोपवणं, पिराच्या चौथऱ्याची राख लावणं: धर्म बदलला तरी हिशोब तोच.

आम्हा मुसलमानांकडे यासाठी सनद म्हणून एक हदीस सांगितली जाते. हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांच्याकडून ती आली आहे, सहीह बुखारीत आहे. सहाबांचा एक गट प्रवासात एका टोळीजवळ उतरला. टोळीने पाहुणचार नाकारला. मग टोळीच्या सरदाराला दंश झाला. सूरह फातिहा पढून दम केला गेला, सरदार बरा झाला, मोबदल्यात बकऱ्या मिळाल्या आणि पैगंबरांनी (स.) ते मान्य केलं. वाझमध्ये ही हदीस रंगवून सांगतात. पण तिच्यात एक तपशील आहे जो सांगताना गळून पडतो. सहाबांकडे येण्याआधी त्या टोळीने सरदारासाठी हाताशी होते ते सगळे उपाय करून पाहिले होते. कशाचाच गुण आला नाही, तेव्हा ते दम मागायला आले. हदीसमध्ये दवा आधी आहे, दम नंतर. आपण क्रम उलटा केला.

हे मी आज शहाणपणाने लिहितो आहे. 1987 च्या पावसाळ्यात मी सहा-सात वर्षांचा होतो आणि क्रम उलटा करणाऱ्यांत आमचं घर पहिलं होतं.

माझे धाकटे मामू आंबेगाव तालुक्यात एका बागायतदाराकडे कामाला होते. कांद्याच्या बराखीशेजारी एका खोलीत जमिनीवर गोधडी टाकून झोपत. त्या आठवड्यात नानीबरोबर मीही तिथेच होतो. रात्री दोनच्या सुमाराला ते पोट दुखतं म्हणून उठले. घसा धरल्यासारखा वाटतो म्हणाले. कानाखाली कुठेतरी मुंगी चावल्यासारखं झालं होतं, पण सूज नाही, रक्त नाही, दाताची खूणही दिसेना. कंदिलाच्या उजेडात कोणीतरी गोधडी झटकली तेव्हा काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप भिंतीकडे सरकला. नानी म्हणाली, “पैले हाफिजसाब के पास लेको जाव.” बैलगाडीतून नेलं. हाफिजसाहेब म्हातारे, गरीब, एक पैसा न घेणारे. त्यांनी फजरपर्यंत पढत दम केला. मामूंच्या पापण्या मिटत होत्या, “नींद आती” म्हणत होते. मग बोलणं जड झालं, लाळ गळायला लागली, मान टाकली. अजान झाली तेव्हा श्वास थांबला होता. नानी शेवटपर्यंत सांगत राहिली की पोरगं कसं शांत झोपलं, जराही तडफडलं नाही.

मोठेपणी मी मण्यारीच्या विषाबद्दल वाचलं तेव्हा ती शांतता काय होती ते कळलं. या विषाने नसा आणि स्नायू यांच्यातला संदेश तुटतो. पापण्या, जीभ, घसा, मान, आणि शेवटी छातीचे स्नायू थांबतात. मेंदू मात्र जागा असतो. माणसाला ऐकू येत असतं, वेदना कळत असते, फक्त बोट हलवता येत नाही. बाहुल्यासुद्धा विस्फारून थिजतात, त्यामुळे नवख्या डॉक्टरलाही तो मेला असं वाटू शकतं. अशा माणसाला कोणी हाताने फुगा दाबून तासन् तास श्वास देत राहिलं, तर तो उठून बसतो आणि रात्री कोण काय बोललं ते सांगतो. मामूंनी त्या रात्रीची तिलावत ऐकली असेल. नानीचं रडणंही.

हाफिजसाहेबांना दोष देणं सोपं आहे. माझ्या वडिलांनी दिला नाही, आणि त्यांचं कारण मला अजून खोडता आलेलं नाही. ते म्हणत, दवाखान्यात नेलं असतं तरी काय होतं तिथे? जवळच्या सरकारी दवाखान्यात लस नव्हती. श्वास देणारं यंत्र तर फक्त पुण्यात, आणि रात्री वाहन नाही. फजरपर्यंत पुण्याला पोचता येणारच नव्हतं. दम हा दवाखान्याचा शत्रू म्हणून आला नव्हता. दवाखान्याची जागा रिकामी होती, तिथे तो बसला होता.

ती जागा इतकी वर्षं रिकामी का राहिली, हाच या इतिहासातला सगळ्यात चीड आणणारा भाग आहे. कारण 1987 मध्ये उतारा शोधून जवळजवळ शंभर वर्षं झाली होती. फ्रेंच डॉक्टर आल्बेर काल्मेत व्हिएतनाममधल्या सायगावला असताना नागदंशाच्या प्रश्नाकडे वळला. पॅरिसला परतल्यावर 1894 च्या सुमाराला त्याने जनावरांना विषाची थोडी थोडी मात्रा टोचून त्यांच्या रक्तातून उतारा मिळवला. त्याला वाटलं होतं, हा एकच उतारा सगळ्या सापांवर चालेल. ते खोटं ठरवणाऱ्यांत मुंबई होती. प्लेगच्या साथीतून उभ्या राहिलेल्या परळच्या प्रयोगशाळेत जॉर्ज लँब नावाच्या डॉक्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवलं की नागाच्या विषावर बनवलेली लस घोणशीच्या विषापुढे निकामी आहे. ज्याचं विष, त्याचाच उतारा. हीच प्रयोगशाळा 1925 पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. कसौलीची संस्था आणि हाफकिन यांनी देशात प्रतिसर्पविष बनवलं. पुढे चारही सापांवर चालणारी एकत्र लस आली, भुकटीच्या रूपात आली, म्हणजे फ्रीज नसलेल्या दवाखान्यातही ठेवता येईल अशी. हाफकिनच्याच डॉ. पी. जे. देवरसांनी सापांवर पुस्तक लिहून सामान्य माणसाला साप ओळखायला शिकवलं.

आणि ज्या घोड्यांच्या रक्तातून हाफकिनची ही लस निघते, ते घोडे कुठे होते? पिंपरीला! पुणे जिल्ह्यात. आमच्या जुन्नरहून मुंबईइतकंही लांब नाही. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. तिर्याक इराकात नव्हतं, ऐंशी-नव्वद किलोमीटरवर होतं, आणि तरी म्हण खरी ठरत होती.

ही काही एकट्या आमच्या घराची गोष्ट नाही. देशभरातल्या मृत्यूंच्या कारणांचा घरोघर जाऊन अभ्यास झाला, त्यातून 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली असा अंदाज निघाला. वर्षाला सरासरी 58,000. सरकारी दप्तरातला आकडा याच्या जवळपासही नसायचा. त्याआधीच्या तशाच अभ्यासात दिसलं होतं की चारातले तीन मृत्यू दवाखान्याबाहेर झाले. घरात, वाटेत, देवळात, दर्ग्यात. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या मुख्य यादीत घेतलं ते 2017 मध्ये. भारत सरकारचा राष्ट्रीय कृती आराखडा 2024 मध्ये आला, आणि त्याच वर्षी केंद्राने राज्यांना सर्पदंशाची सक्तीने नोंद करायला सांगितलं. मरणारा शेतमजूर होता, ऊसतोड्या होता, रात्रीच्या लायटीवर पाणी भरायला गेलेला होता. शहरात राहणाऱ्याला साप चावत असता तर एवढी वर्षं लागली नसती.

आमच्या भागात बदल झाला तो वरून आला नाही. सह्याद्रीपलीकडे महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर विंचवाच्या दंशावर काम करत होते. प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने त्यांनी कोकणातली मुलं वाचवली. त्यांनी नाग आणि मण्यारीच्या दंशावरही ग्रामीण दवाखान्यातले अनुभव लिहिले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इकडे नारायणगावला डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी सर्पदंशाचे रुग्ण घ्यायचे असं ठरवलं आणि ‘शून्य सर्पदंश मृत्यू’ अशी मोहीमच हाती घेतली. शाळांतून, गावांतून बोलणं, आजूबाजूच्या डॉक्टरांना शिकवणं. माझ्या बाकावरच्या मुलाला नारायणगाव आठवलं ते उगीच नाही.

त्यांच्यासारखे डॉक्टर काय बघतात, ते मी विचारून, वाचून समजून घेतलं आहे. पहिली गोष्ट म्हणजे साप मारून आणायची गरज नाही. माणूसच सांगतो कोण चावलं. दंशाभोवती सूज, जळजळ, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त आलं तर घोणस किंवा फुरसे. सूज आहे आणि पापण्याही झुकल्या तर नाग. खूण नाही, सूज नाही, पण पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या उचलत नाहीत, तर मण्यार. रक्ताची एक परीक्षा इतकी साधी आहे की मी ती वर्गात सांगतो: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं हलवायचं नाही. मग नळी तिरपी करायची. रक्त गोठलं नसेल, पाण्यासारखं वाहिलं, तर विषाने रक्ताची गोठण्याची ताकद संपवली आहे. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. यंत्र नको, वीज नको.

विषाची लक्षणं दिसली तर साधारण दहा बाटल्या लस सलाईनमधून सुरू करतात. लहान मुलालाही तेवढीच, कारण साप वय बघून विष कमी सोडत नाही. लस घोड्याच्या रक्तातली, त्यामुळे काहींना पुरळ येतं, दम लागतो, रक्तदाब कोसळतो. ॲड्रेनलिनचं इंजेक्शन हाताशी असलं तर ते सावरता येतं. पण एकट्या डॉक्टरला याच धोक्याची भीती वाटते, आणि मग पहिली बाटलीही न लावता ‘पुण्याला न्या’ अशी चिठ्ठी मिळते. जुन्नर ते पुणे नव्वदच्या वर किलोमीटर. चाकणची वाहतूक कोंडी धरली तर इराकच म्हणा. डॉक्टरांना आधी शिकवायची असते ती ही भीती जिरवायला.

अंतर अजून पूर्ण मिटलेलं नाही. भिमाशंकरच्या बाजूच्या आदिवासी वाड्यांतून पावसात खाली यायला आजही वेळ लागतो, 108 ची गाडी असली तरी. देशातल्या लसीसाठीचं विष मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुळांच्या सहकारी संस्थेने पकडलेल्या सापांचं असतं. बंगळुरूचे शास्त्रज्ञ सांगतात की एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक वेगळं असतं, त्यामुळे तिकडची लस इकडे कमी पडू शकते. डॉक्टरला मग जास्त बाटल्या लागतात. लँबने शंभर वर्षांपूर्वी परळला जे दाखवलं त्याचाच हा पुढचा धडा.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मोहल्ल्यातल्या एका बाईला भुईमूग काढताना घोणस चावली. हाफिजसाहेबांचा नातू आता दम करतो. घरच्यांनी त्याला बोलावलं. तो आला आणि म्हणाला, गाडी काढा, मी वाटेत पढतो. मोटारसायकलवर पुढे दीर, मध्ये ती, मागे तिला धरून हा. दवाखान्यात पोचेपर्यंत अर्धा तास गेला असेल. काचेची नळी ठेवली. वीस मिनिटांनी रक्त वाहतंच होतं. बाटल्या लागल्या, मधेच अंगावर पित्त उठलं, तेही निभावलं. सहाव्या दिवशी ती घरी आली, पाय अजून सुजलेला. सासूने डॉक्टरांना पेढे पाठवले आणि हाफिजसाहेबांच्या घरी बकऱ्याची एक रान.